बाईंना विचारा : नाव शांत, अर्थ वीज

मार्चच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात दोन ओळी लिहून गेले होते. बैरूतमध्ये एका आर्मेनियन नाटककाराने निर्वासितांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि मरेपर्यंत, एकवीस वर्षं, तीच सांभाळली. नाव लेव्हॉन शांत. एवढ्यावर सतरा पत्रं आली. साखरशाळांवर मी पाच पानं लिहिली होती, तेव्हा तीन आली होती. असो. सतरांपैकी चार पत्रं इथे घेते.

बाई, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा मुलगा फौजेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून तो दक्षिण लेबनॉनला होता. एकदा बैरूतला गेला तेव्हा बुर्ज हमूद नावाच्या वस्तीत दुकानांच्या पाट्यांवर त्याला अरबी नाही, इंग्रजी नाही, तिसरीच लिपी दिसली. अक्षरं घोड्याच्या नालांसारखी. सोबत एका पाटीचा फोटो जोडला आहे, पाहून परत पाठवावा. ही माणसं तिथे कुठून आली? आणि 'शांत' हे तर आपल्याकडचं नाव वाटतं!
– एक निवृत्त सुभेदार, ता. कोरेगाव

सुभेदारसाहेब, नावापासूनच सुरू करू, कारण मीही तिथेच फसले होते. आर्मेनियन भाषेत 'शांत' म्हणजे कडाडून पडणारी वीज. हे त्यांचं टोपणनाव, आणि माणूस नावाप्रमाणेच जगला म्हणायला हरकत नाही.

आता वस्ती. पहिल्या महायुद्धात, १९१५पासून, ऑटोमन तुर्की साम्राज्यातल्या आर्मेनियनांना गावोगावहून उठवून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललं. वाटेत मारले गेले, उपासमारीने, तापाने गेले ते साधारण दहा ते पंधरा लाख. सुरुवात झाली ती लिहित्या-शिकवत्या माणसांपासून. २४ एप्रिल १९१५च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, लेखक, संपादक, वकील, मास्तर यांना घरांतून उचलून नेलं. बहुतेक परत आले नाहीत. दानिएल वारुझान हा कवी त्यांत होता, आणि तोही शाळेत शिकवणारा.

जे वाचले त्यांतले बरेच किलिकियाचे, म्हणजे आदाना, मराश, सिस या दक्षिणेकडच्या गावांचे. युद्धानंतर ते फ्रेंच फौजेच्या भरवशावर घरी परतले होते. १९२१ साली फ्रान्सने तुर्कांशी करार करून तिथून काढता पाय घेतला आणि या लोकांना दुसऱ्यांदा गाठोडी बांधावी लागली. ते सीरियात आले, लेबनॉनमध्ये आले. आधी बंदराजवळ तंबू आणि पत्र्याच्या खोपटांची छावणी पडली, मग बैरूत नदीच्या पलीकडे बुर्ज हमूद उभं राहिलं. तुमच्या मुलाला विचारा, तिथल्या आळ्यांची नावं काय आहेत. नोर मराश, नोर आदाना, नोर सिस. 'नोर' म्हणजे नवं. आपल्याकडे धरणात गाव गेलं की वरच्या माळावर 'नवं अमुक' अशी पाटी लागते ना, तसंच.

लेव्हॉन शांत मात्र या छावणीतून आलेले नाहीत. ते १८६९ साली कॉन्स्टँटिनोपलला जन्मले आणि लहानपणीच पोरके झाले. शिकायला गेले ते थेट पूर्वेला एचमिआझिनला. आर्मेनियन चर्चचं ते मुख्य पीठ, तिथल्या गेवोर्गियन विद्यालयात. मग जर्मनीत लाइप्झिग, येना, म्युनिक इथे मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र शिकले, आणि परत येऊन तिफ्लिस आणि येरेवानला शाळेत शिकवू लागले. तिफ्लिस म्हणजे आताचं त्बिलिसी. तिथे कवी होव्हानेस तुमानियान यांच्या वरच्या मजल्यावरच्या घरात लेखकांचा अड्डा भरत असे. त्याचं नाव 'वेर्नातून', आपण सरळ 'माडी' म्हणू. शांत त्या माडीवरचे. निकोल आघबालियान नावाचे एक समीक्षकही तिथे येत. ते नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१८च्या २८ मे रोजी आर्मेनियाचं छोटं प्रजासत्ताक जन्माला आलं. शांत त्याच्या संसदेचे उपाध्यक्ष झाले, आघबालियान शिक्षणमंत्री. उपाशी माणसं, टायफस, चारी बाजूंना लढाया, आणि त्यात या लोकांनी विद्यापीठ काढलं! १९२०च्या उन्हाळ्यात शांत शिष्टमंडळ घेऊन मॉस्कोला गेले. समोर सोव्हिएत परराष्ट्रमंत्री चिचेरिन, आणि त्यांचा सहकारी लेव काराखान, जो जन्माने आर्मेनियनच. तह काही झाला नाही. डिसेंबरात सत्ता बोल्शेविकांकडे गेली आणि शांत तुरुंगात गेले. फेब्रुवारी १९२१मध्ये येरेवानला उठाव झाला तेव्हा तुरुंगाची दारं उघडली. उठाव एप्रिलपर्यंत टिकला. मग डोंगर ओलांडून इराण, पुढे पॅरिस, पुढे कैरो. परत जाणं झालं नाही.

कैरोला १९२८ साली या पडलेल्या राज्यातली काही माणसं एकत्र आली. एक माजी पंतप्रधान, डॉक्टर हामो ओहानजानियान. माजी शिक्षणमंत्री आघबालियान. नाटकं बसवणारे गास्पार इपेकियान. आणि शांत. यांनी 'हामाझकायिन' नावाची शिक्षण आणि प्रकाशनाची संस्था स्थापन केली, तारीख निवडली २८ मे. हामाझकायिन म्हणजे सगळ्या राष्ट्राची. राष्ट्र तर हातचं गेलेलं. मला यातली तारीख फार बोलकी वाटते. झेंडा लावायला जागा नव्हती, म्हणून त्या दिवशी संस्था नोंदवली.

३ मार्च १९३० रोजी बैरूतला त्यांची 'जेमारान' ही शाळा सुरू झाली. शांत मुख्याध्यापक. त्यांनी साठी गाठली होती. आपल्याकडे या वयाला माणूस निवृत्तिवेतनाची फाइल कुठे अडली ते शोधत फिरत असतो.

नाटककार म्हणता, मग नाटकं कुठे आहेत? एवढा लेखक शाळामास्तरकीत वाया गेला असं तुम्हांला नाही वाटत?
– एक हौशी रंगकर्मी, सांगली

सांगलीकराने हे विचारावं यात नवल नाही. नाटकं आहेत, आणि एक तर असं आहे की त्याने सगळ्यांची झोप उडवली. 'प्राचीन देव'. १९०९च्या आसपास लिहिलेलं. स्थळ सेव्हान सरोवरातलं बेट, काळ नववं शतक. बेटावर संन्यासी राहतात, राजकन्या मरियम तिथे देऊळ बांधवते आहे. ही मरियम खरी होती, सेव्हानच्या चर्चवर ८७४ सालाचा तिचा शिलालेख आहे. मठाच्या अधिपतीचं आणि तिचं तरुणपणी एकमेकांवर मन होतं, म्हणजे हे देऊळ कशावर उभं राहतंय ते प्रेक्षकाला कळतंच. अशात वादळी रात्री एक तरुण संन्यासी सरोवरात बुडणाऱ्या मुलीला वाचवतो. तिचं नाव सेदा. तिला उचलून किनाऱ्यावर आणताना झालेला स्पर्श त्याला सोडत नाही. जुने, ख्रिस्तापूर्वीचे देव त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहू लागतात, ज्यांना देह वर्ज्य नव्हता असे. शेवटी तो त्याच सरोवरात उडी घेतो.

ज्या समाजाची ओळखच चर्चवर उभी आहे त्याच्यापुढे, चर्चच्या विद्यालयात शिकलेल्या माणसाने हे मांडलं. गदारोळ झाला नसता तरच आश्चर्य.

एक गंमत सांगते. ज्या बेटावर हे नाटक घडतं ते आता बेट राहिलेलं नाही. सोव्हिएत काळात वीज आणि पाटबंधाऱ्यांसाठी सेव्हानचं पाणी इतकं उपसलं की पातळी सुमारे वीस मीटर खाली गेली आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. त्या संन्याशाला आज घरी परत चालत येता आलं असतं.

वाया गेले का? तुमचं दुःख मला समजतं, पण हिशेब थोडा चुकतो आहे. देश सोडल्यावरही लेखणी थांबली नव्हती. 'पडलेल्या गढीची राजकन्या' १९२२चं, 'ओशिन पायल' १९३२चं, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतरचं. पण नाटककाराला प्रेक्षक लागतो. येरेवानला शांत अनेक वर्षं नकोसे होते, कारण ते दाश्नाक पक्षाचे, म्हणजे बोल्शेविकांनी ज्यांची सत्ता घेतली त्यांच्यातले. आणि येरेवानबाहेर आर्मेनियन नाटक बघणार कोण? अनाथालयात वाढलेली मुलं? त्यांना आधी वाचायला शिकवावं लागणार होतं. तुमच्या संस्थेतही बालनाट्य शिबिरं घेतात ती नुसती हौस म्हणून नाही ना?

माझी दोन्ही नातवंडं मराठी समजतात, बोलतात निम्मंअर्धं, वाचत मुळीच नाहीत. शांत यांनी नेमकं काय केलं ते सांगाल का? मला देशभक्तीची गोष्ट नको, उपाय हवा आहे.
– एक आजी, ठाणे

आजी, तुमचं पत्र मला सगळ्यांत आवडलं. उपाय देईन असं वचन देत नाही, केलं काय ते सांगते.

आधी अडचण नीट समजून घ्या, कारण ती तुमच्यापेक्षा विचित्र होती. किलिकियाहून आलेल्या कितीतरी घरांत आर्मेनियन बोललंच जात नव्हतं. घरातली भाषा तुर्की. आई अंगाई गायची तुर्कीत, भांडायची तुर्कीत. ज्यांच्यापासून जीव वाचवून पळाले त्यांचीच भाषा तोंडात. आणि अनाथालयातल्या मुलांना तर घरच नव्हतं. लेबनॉनमधल्या गझीर नावाच्या गावात अशा अनाथ मुलींनी विणलेला एक मोठा गालिचा १९२५ साली अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट म्हणून गेला. गाठी मारणारे ते हात शाळेत बसवायचे होते.

हे वाचलं तेव्हा मला माझा माण तालुक्यातला वर्ग आठवला. पहिलीत वडार वस्तीवरचा एक मुलगा होता. जूनपासून गप्प. मी 'कमळ' दाखवावं, त्याने कमळाकडे बघावं, माझ्याकडे बघावं आणि पाटीची कड चावावी. मी रजिस्टरात लिहून ठेवलं होतं, 'बोलण्यात दोष असावा'. दिवाळीच्या तोंडावर कोणीतरी त्याच्या पाटीवर पाय दिला, पाटी फुटली, आणि तो जो बोलायला लागला तो थांबेचना. सगळं वडारी. मला एक अक्षर कळलं नाही. त्याच्या वस्तीवरची तिसरीतली मुलगी धावत आली आणि मराठीत सांगू लागली, "बाई, तो म्हणतो ही पाटी आईने खडी फोडून घेतलेली." दोष कुठे होता ते तेव्हा कळलं. रजिस्टरातली ओळ मी खोडली, पण शाईची होती, दिसतेच.

तर शांतसरांकडे (मी त्यांना मनात असंच म्हणते) तीन गोष्टी होत्या, ज्या मला तेव्हा मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिली, त्यांनी बालमानसशास्त्र पुस्तकातून आणि वर्गातून, दोन्हीकडून शिकलेलं होतं. दुसरी, पाठ्यपुस्तक लिहिण्याचा हात होता. १९०७ साली तिफ्लिसला तुमानियान, स्तेपान लिसित्सियान आणि शांत या तिघांनी मिळून 'लुसाबेर' नावाची वाचनमाला काढली होती. लुसाबेर म्हणजे उजेड आणणारा. विचार करा, भाषेतला सगळ्यांत मोठा कवी पहिली-दुसरीचं पुस्तक लिहायला बसतो. आपल्याकडे हे काम समितीवर जातं आणि समिती चहावर.

तिसरी गोष्ट माणसं. माडीवरचे ते आघबालियान बैरूतला येऊन याच शाळेत भाषा आणि साहित्य शिकवत होते, १९४७मध्ये वारेपर्यंत. २९ नोव्हेंबर १९५१ रोजी शांत गेले, तर त्यांच्या खुर्चीवर आले सिमोन व्रात्सियान, त्या प्रजासत्ताकाचे शेवटचे पंतप्रधान. तेही १९६९ पर्यंत, मरेपर्यंत. एका शाळेच्या हजेरीपटावर सह्या करणारी ही माणसं. आणि याच शाळेत शिकलेला मुशेघ इशखान पुढे चांगला कवी झाला आणि तिथेच मास्तर झाला. म्हणजे शाळेने आपले मास्तर स्वतः पिकवले.

'जेमारान' या शब्दाचं मूळ मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. 'जेमेल' म्हणजे रमतगमत फिरणं. जेमारान म्हणजे फेरफटका मारत शिकायची जागा, जुन्या ग्रीक गुरूंसारखी. पंधरा वर्षं फरफटत चाललेल्या लोकांनी शाळेला नाव दिलं ते फेरफटक्याचं.

याचा अर्थ ते भिंत बांधून बसले असा नाही. मुलांना लेबनॉनमध्येच पोट भरायचं होतं, १९२४ साली त्यांना तिथलं नागरिकत्वही मिळालं होतं. अरबी आणि फ्रेंच सोडून चालणारच नव्हतं. घरी तुर्की, बाजारात अरबी, कचेरीत फ्रेंच. आर्मेनियन शिकण्यात व्यवहाराचा एक पैशाचा फायदा नव्हता, आणि तरी शिकवायची. तुमच्या नातवंडांच्या मराठीचं हेच नाही का?

त्यात आणखी एक गाठ होती. १९२२ साली सोव्हिएत आर्मेनियाने शुद्धलेखन बदललं, बाहेरच्यांनी जुनंच ठेवलं. प्रेमाला त्यांच्यात 'सेर' म्हणतात. या शब्दातला 'ए' बैरूतचं मूल एका अक्षराने लिहितं आणि येरेवानचं मूल दुसऱ्या. आमच्या वडिलांच्या पत्रांत 'केलें', 'गेलें' यांवर अनुस्वार असत, १९६२च्या नियमांनी ते गेले, तर त्यावरून किती वर्षं वाद घातले आपण! इथे तर अक्षरावरून माणूस कोणत्या बाजूचा ते कळायचं. मला विचाराल तर जुनं लेखन धरून ठेवण्यात हट्टही होता. दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांची पुस्तकं वाचताना अडखळायला होतं, आणि हे ओझं मुलांच्या दप्तरात टाकणं मला तरी पटत नाही.

परिणाम काय? बुर्ज हमूदमध्ये तुर्की मागे पडली आणि आर्मेनियन रस्त्यावर आली, वर्तमानपत्रात आली, नाटकात आली. शाळा अजून आहे. लेबनॉनच्या यादवी युद्धाच्या काळात ती बैरूतच्या उपनगरात मझेर इथे हलली, नावातले देणगीदार बदलले, 'जेमारान' तेवढं राहिलं. पण हे लोक बोलतात त्या पश्चिमी आर्मेनियनला युनेस्कोने २०१०च्या नकाशात धोक्यातल्या भाषांमध्ये टाकलं आहे. एवढं करूनही.

आजी, तुम्ही देशभक्ती नको म्हणालात म्हणून एवढंच सुचवते. नातवंडांना अंकलिपी आणून देऊ नका. तुमच्या लहानपणच्या भांडणांची गोष्ट सांगा, अर्धी. उरलेली मोठ्या अक्षरांत लिहून उशीखाली ठेवा.

आपल्या मुंबईत आर्मेनियन होते का?
– दादर

होते. फोर्टात, पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर, सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे, मूळ १७९६चं. शेजारच्या इमारतीचं नाव 'अरारत'. हा त्यांचा पवित्र डोंगर, येरेवानमधून रोज समोर दिसतो आणि आज सरहद्दीपलीकडे तुर्कस्तानात आहे. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझदारार' हे १७९४ साली निघालं ते आपल्या मद्रासला, हारुत्युन श्मावोनियान या धर्मगुरूने काढलं. कोलकात्याचं आर्मेनियन कॉलेज १८२१चं. शांतसरांच्या आधी शंभर वर्षं मेस्रोप थाघियादियान नावाचा असाच एक लेखक-मास्तर कोलकात्यात होता. 'अझगासेर' हे पत्र काढायचा, शाळा चालवायचा. परदेशात राहून शाळा आणि छापखाना काढायची या लोकांची खोड जुनी आहे. थाघियादियानवर पुढे कधीतरी सविस्तर.

जाता जाता : सुभेदारसाहेब, तुमचा फोटो रजिस्टर पोस्टाने परत पाठवला आहे. अक्षरतक्ता समोर ठेवून मी एक दुपार त्या पाटीवर घालवली. सात अक्षरं आहेत. पहिली नाल उलटी, तिचा उच्चार 'वो'. दुसरी नाल सुलटी, तो 'स'. तिसरं अक्षर येरेवानला 'क' वाचतात, बैरूतला 'ग', तेव्हा आपण बैरूतचं धरू. सगळं मिळून 'वोस्गेरिच'. दुकान सोनाराचं आहे. फोटोच्या मागे पेन्सिलीने उच्चार लिहिलेत, खोडता येतील.